बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज आता जुन्या फाइव्हएवढी झालीय, हे वाढणं थांबणार कधी?

कोथरूडचा_ई९०:

नमस्कार मंडळी, इथे दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे २००९ ची बीएमडब्ल्यू ३२०डी आहे, म्हणजे थ्री सिरीज, ई९० पिढीची (ई३०, ई९०, जी२० ही कंपनीची पिढ्यांची नावं). २०१४ ला सेकंडहँड घेतली, पंधरा वर्षं भरली तेव्हा परत पासिंग करून घेतलं, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी सगळे घाट तिच्यासोबत पालथे घातलेत. पण आता दर पावसाळ्यानंतर काहीतरी मोठं बिल येतंच आणि घरचे म्हणतात बास झालं, नवी बघ. म्हणून गेल्या रविवारी शोरूमला जाऊन आलो. आत्ताच्या थ्री सिरीजमधली जोरात पळणारी एम३४०आय बाहेर उभी होती, तिच्या शेजारी माझी लावली आणि खरं सांगतो, माझी गाडी तिचं पिल्लू वाटत होती.

घरी येऊन रात्री आकडे काढत बसलो. १९८२ ची ई३० थ्री सिरीज लांबीला ४३२५ मिमी आणि रुंदीला १६४५. आत्ताची जी२० ४७०९ आणि १८२७. आता गंमत बघा, १९८८ मध्ये आलेली ई३४, म्हणजे तेव्हाची फाइव्ह सिरीज, ती ४७२० लांब आणि १७५१ रुंद होती. म्हणजे आजची थ्री त्या फाइव्हपेक्षा जेमतेम ११ मिमी आखूड, आणि रुंदीला उलट ७६ मिमी जास्त! मर्सिडीजचं तेच, जी डब्ल्यू१२४, म्हणजे तेव्हाची ई क्लास, त्यांनी १९९५ ला आपल्याकडे पुण्यात जुळवायला घेतली होती ती ४७४० लांब होती, तेव्हा रस्त्यावर दिसली की कोणीतरी मोठा माणूस चाललाय असं वाटायचं, आणि आजची सी क्लास, म्हणजे त्यांची 'लहान' सेडान, ४७५१. ऑडीनं तर ए४ चं नाव बदलून ए५ केलं आणि गाडी नेली ४८२९ वर.

माझी खरी अडचण मात्र वेगळीच आहे. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, परत राहायला आलो तर खाली पझल पार्किंग, म्हणजे यंत्र गाड्या प्लॅटफॉर्मवर वर-खाली सरकवून रचतं ते. खांबावर पाटी लावलीय, लांबी ५०००, रुंदी १८५०, वजन २००० किलो. माझी गाडीसुद्धा मी आरसे मिटून श्वास रोखून आत घालतो आणि दार अर्धवट उघडून पोट आत ओढून बाहेर पडतो. (पोटाचा दोष गाडीवर ढकलत नाही.) आता नवी गाडी पाटीच्या आत बसते, कागदावर बसते, पण २३ मिमीनं. पुढची पिढी अजून वाढली तर?

तर प्रश्न असा की ज्या गाडीच्या नावाला स्पोर्ट्स सेडान हे शेपूट लावता ती दर पिढीला वाढलीच पाहिजे का? की मीच म्हातारा झालोय?

सहावा_गिअर:

आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. दर पिढीला वाढतेच असं नाहीये. १९७५ ची ई२१, म्हणजे पहिली थ्री, ४३५५ होती, तिच्यानंतरची ई३० तिच्यापेक्षा ३० मिमी आखूड निघाली, आणि आज जगभर लोक ज्या थ्री सिरीजसाठी गळे काढतात ती हीच आखूड. तुमच्या नंतरची पिढी, एफ३०, तीसुद्धा तुमच्या ई९० पेक्षा ६ मिमी कमी रुंद आहे, बघा शोधून. आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मर्सिडीजची सगळ्यात मोठी सेडान, एस क्लास. १९९१ ची डब्ल्यू१४०, ५११३ मिमीचा रणगाडा, लोकांनी नावं ठेवली, मग १९९८ ला डब्ल्यू२२० आली ती ५०३८, आणि वजनही चांगलं उतरवलं होतं. म्हणजे मनात आणलं तर जमतं, मनात आणत नाहीत एवढंच.

दुसरं असं की तुम्ही नाव धरून बसलात, माप धरा की. थ्री, फाइव्ह, सेव्हन या कंपनीसाठी शिडीच्या पायऱ्या आहेत. जुन्या गिऱ्हाइकाला बिल्ला तोच हवा असतो पण गाडी मागच्यापेक्षा थोडी ऐसपैस हवी असते, कारण दरम्यान त्याचा पगार वाढला, मुलं वाढली, कंबरही वाढली. मग पायरी वर सरकते आणि खाली मोकळी झालेली जागा भरायला नवं नाव आणतात, वन सिरीज २००४ ला आली ती अशीच. आज टू सिरीज ग्रान कूपे आपल्याकडे मिळते, ४५४६ मिमी, रुंदी १८००. तुमच्या ई९० चंच माप झालं ना ते? घ्या आणि घाला पझलमध्ये.

कोथरूडचा_ई९०:

@सहावा_गिअर ई२१ चं माहीत नव्हतं, भारी. पण टू ग्रान कूपेचं नका सांगू, ती पुढच्या चाकांवर ओढणारी आहे, इंजिन आडवं बसवलेलं. माप जुळलं म्हणून गाडी जुळली असं होत नाही. मला मागून ढकलणारीच हवीय, घाटात वळणातून बाहेर पडताना ती मागची चाकं जी ढुशी देतात तेवढ्यासाठी तर मी पंधरा वर्षांची गाडी सांभाळत बसलोय.

मागची_सीट:

दादा, रागावू नका पण तुमचा प्रश्नच चुकीच्या माणसासाठी आहे. या गाड्या आपल्याकडे विकत कोण घेतं आणि चालवतं कोण ते आधी बघा. मी पुणे-मुंबई आठवड्यातून दोनदा करतो, मागे बसून, लॅपटॉप मांडीवर, पुढे ड्रायव्हर. मला त्या मागच्या चाकांच्या ढुशीचं काय करायचंय? कॉफी सांडते.

कंपन्यांना हे कधीच कळलंय. ई क्लास २०१७ पासून आपल्याकडे लांब व्हीलबेसवालीच (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली) येते, आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली लांब ई क्लास जगात पहिल्यांदा त्यांनी आपल्यासाठी केली, चाकणला होते ती. २०२४ मध्ये नवी फाइव्ह आली तीही लांबच, व्हीलबेस ३१०५ मिमी, छोटी मागितलीत तर मिळणारच नाही. थ्री सिरीजची लांब २०२१ ला आली, ४८१९ मिमी. ही लांब पिल्लं मुळात चीनसाठी काढलेली, तिथेही मालक मागेच बसतो. लोकांना हवंय ते देतायत, यात 'पाहिजे का' वगैरे काय? ज्याला चालवायचीय त्याच्यासाठी एम३४०आय आखूड ठेवलीय ना, मग.

पेट्रोलपंपावरचा:

पाऊण कोटीची गाडी घेणाऱ्या माणसाला पार्किंगचं टेन्शन, आम्ही हे वाचून स्प्लेंडर पुसतोय

कोथरूडचा_ई९०:

@पेट्रोलपंपावरचा हाहा, मान्य. पण पाऊण कोटीची नवी घेण्याइतपत मीही अजून ठरवलेलं नाहीये, तीन-चार वर्षं वापरलेली बघतोय. @मागची_सीट तुमचं बरोबर आहे पण मग त्यावर स्पोर्ट असं कशाला लिहिता, दिवाणखाना लिहा.

स्टुटगार्टकर:

मी इथे जर्मनीत आठ वर्षं आहे, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, त्यामुळे थोडं आतलं सांगतो पण थोडंच. "कंपन्या हावरट आहेत" आणि "लोकांना मोठंच हवं" ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात कारण गाडी वाढते ती बऱ्याचदा कोणी वाढवायची ठरवली म्हणून नाही, वेगवेगळ्या खात्यातले लोक प्रत्येकी दहा-पंधरा मिमी मागतात म्हणून. दारात बाजूची धडक झेलायला लोखंडी बीम, एअरबॅगला जागा, आवाज अडवायला जाड थर, की दार फुगलं. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली इंजिन लगेच लागू नये म्हणून मधे पोकळी ठेवायची, की बॉनेट वर गेलं. बॉनेट वर गेलं की खिडकीची रेघ वर, मग चाकं बारकी दिसायला लागतात, मग चाकं मोठी, चाकं मोठी की चाकांवरच्या कमानी रुंद. शेवटी टेबलावर बेरीज होते तेव्हा गाडी ३० मिमी रुंद झालेली असते आणि खोलीतला प्रत्येक जण म्हणतो माझ्यामुळे नाही.

आता सेफ्टीसाठी मोठी लागतेच असं जे सगळे म्हणतात त्याबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकेत गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या आयआयएचएस संस्थेनं नवी टेस्ट आणली, गाडीच्या पुढच्या भागाचा फक्त एक कोपरा ठोकायचा. पहिल्याच फेरीत लक्झरी सेडान घेतल्या. तेव्हाची सी क्लास नापास कॅटेगरीत, ए४ सुद्धा, थ्री सिरीज काठावर, आणि व्होल्वोची एस६० एकदम 'गुड'. त्या वेळची थ्री आणि एस६० यांच्या लांबीत फरक किती? पाच मिमीसुद्धा नाही. मग कळतं की लोखंड किती यापेक्षा कुठे लावलंय ते महत्त्वाचं. हां, दोन गाड्या एकमेकींवर आपटल्या तर जड गाडीतला माणूस फायद्यात राहतो हे फिजिक्स आहे, पण तो फायदा हलक्या गाडीतल्या माणसाच्या खिशातून काढलेला असतो हे पण म्हणा की.

आणि नियमसुद्धा मोठ्यांचेच लाड करतात. अमेरिकेत मायलेजचं टार्गेट गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरतं, मोठी गाडी असेल तर टार्गेट सैल. युरोपनं सीओटूचं टार्गेट बरीच वर्षं वजनाला बांधलं होतं, आपल्याकडे भारतातही ते वजनालाच बांधलंय. म्हणजे गाडी बारीक करून कंपनीला बक्षीस काय तर कडक टार्गेट. कोण करेल?

इथल्या जुन्या पार्किंग हाउसमध्ये एकेक जागा २.३० मीटर रुंद असते. ई३० लावली तर दोन्ही बाजू मिळून ६५ सेंटीमीटर उरायचे, जी२० लावली तर ४७, नवी फाइव्ह १९०० ची आहे तिला ४०. आणि शेजारच्यानंही फाइव्हच लावली असेल तर डिकीतून बाहेर पडायचं. युरोपातल्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०१८ मध्ये १७७.८ सेंटीमीटर होती, २०२३ च्या पहिल्या सहामाहीत १८०.३. ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं मोजलेलं आहे. दोन वर्षांत साधारण एक सेंटीमीटर, नखं वाढावीत तसं. पार्किंगच्या भिंती काही वाढत नाहीत.

योकोहामा_मुक्काम:

पझल पार्किंग वाचलं आणि राहवलं नाही. इथे जपानमध्ये टॉवर पार्किंग गल्लोगल्ली आहे, गाडी खाली लावायची, यंत्र वर घेऊन जातं, जुन्या यंत्रांना १८०० च्या वर रुंदी चालतच नाही. ई९० आली तेव्हा ती १८१७ होती, म्हणजे १७ मिमीनं लफडं. बीएमडब्ल्यूनं काय केलं असेल? इथल्या गाड्यांना दाराचे हँडल वेगळे बसवले, चपटे, आणि गाडी कागदावर १८०० ची केली! एफ३० लासुद्धा तेच केलं. जी२० आली तेव्हा मात्र हात टेकले, ती सरळ रुंद आली.

टोयोटा क्राउन तर त्यांची घरची, तिची रुंदी २०१८ च्या पिढीपर्यंत मुद्दाम १८०० वर बांधून ठेवली होती, बाकी सगळं बदललं पण तो आकडा सोडला नाही. २०२२ ची क्राउन जगभर विकायची ठरली आणि लगेच १८४०. सांगायचं काय तर जिथे भिंत खरी असते आणि गिऱ्हाईक त्या भिंतीपाशी राहतो तिथे हेच इंजिनिअर हँडलमधून १७ मिमी काढून दाखवतात. आपल्याकडे अशी भिंत फक्त चार मीटरची, तिच्या आत राहिलं तर टॅक्स कमी, म्हणून डिझायरची शेपटी कापली. त्या रेषेच्या पलीकडे एकदा गेलं की ४.४ मीटर काय आणि ५.१ काय, लांबी म्हणून सरकार काही विचारत नाही. मग कोण कशाला आखडतं घेईल.

गॅरेजवाला_बाळू:

सगळे लांबी रुंदीवर भांडतायत, वजनाचं कोणी बोलंना. पाटीवर वजन २००० लिहिलंय ना दादा? नवी एम५ घ्या, म्हणजे फाइव्हचीच सगळ्यात जोरदार गाडी, २४३५ किलो, बॅटरी आणि मोटार धरून. तुमचं पझल तिला बघूनच रडेल. पहिली एम५, १९८५ ची, १४३० च्या आसपास होती. मधला फरक किती? एक टन. मारुती ८०० साडेसहाशे किलोची, म्हणजे एम५ च्या पोटात दीड मारुती बसलीय. पावर २८६ ची ७२७ झाली म्हणून सरळ रेषेत कळत नाही, पण मागच्या पिढीची एम५ कॉम्पिटिशन ३.३ सेकंदात शंभरला जायची, ही जास्त पावर घेऊन ३.५ घेते! आणि थांबवायचं कसं ते बोला. त्याच स्पीडला जुनीपेक्षा ७० टक्के जास्त ऊर्जा त्या ब्रेकनं पचवायची, आणि टायरनं पण. म्हणून डिस्क परातीएवढ्या, डिस्क मोठी म्हणून रिम मोठं, रिम मोठं म्हणून टायरची भिंत पापडासारखी, आणि मग आपल्या खड्ड्यात तो टायर फुटतो आणि गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं. मर्सिडीजच्या सी६३ चं, म्हणजे जोरदार सी क्लासचं, तेच झालं, व्ही८ काढून चार सिलिंडर आणि हायब्रिड टाकलं, २१११ किलो.

थ्री सिरीजचं मात्र खरं ते सांगतो, जी२० लांबीला वाढली पण वजनाला नाही वाढली, कंपनीनं तर ५५ किलोपर्यंत उतरवलं म्हणून सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांना एका मापानं बडवू नका.

अजून एक, लांब व्हीलबेसवाल्या माझ्याकडे येतात त्या खालून घासलेल्या असतात. चाकं लांब लांब गेली की स्पीडब्रेकर मधोमध पोटाला लागतो, कितीही हळू घ्या. आमच्याकडे ते सोसायटीवाले स्वतःच्या हौसेनं सिमेंटचे डोंगर घालतात त्याच्यावर तर हमखास. एका साहेबांचा ड्रायव्हर गेटबाहेर साहेबांना उतरवून मग गाडी आत घ्यायचा. मागच्या सीटवर पाय पसरायला जागा पाहिजे म्हणून लांब घेतली आणि शेवटी पायीच चालले.

मागची_सीट:

@गॅरेजवाला_बाळू तो मी नव्हे 😄 पण माझ्या ड्रायव्हरला तिरकी घ्यायला शिकवलंय, नाही लागत. आणि लांब व्हीलबेसचा फायदाही सांगा ना लोकांना, एक्सप्रेसवेच्या जॉइंटवर मागे बसून जे हिंदोळे यायचे ते येत नाहीत, गाडी सरळ राहते. काही नव्या गाड्यांत मागची चाकं पण वळतात, त्यामुळे यू टर्नला एवढी मोठी जाणवत नाही.

सहावा_गिअर:

मागची चाकं वळवायची यंत्रणा म्हणजे आधी पोट वाढवायचं आणि मग मोठा पट्टा विकायचा. शिवाय ती यंत्रणा स्वतः वजनाची. तरी माझं म्हणणं तेच, बिल्ल्याचा मोह सोडला तर हव्या त्या मापाची गाडी कुठेतरी असते. फक्त मागच्या चाकांवर चालणारी छोटी सेडान आता नव्यात जवळपास कोणी करत नाही, हे मात्र कोथरूडकरांचं खरं आहे, तिथे मी हरलो.

कोथरूडचा_ई९०:

मंडळी, अपडेट. शनिवारी परत गेलो, सोबत मेजरिंग टेप आणि अप्पांना घेऊन. अप्पा ७६ वर्षांचे, गुडघे दुखतात, माझ्या गाडीत नेहमी पुढेच बसतात कारण मागे त्यांचे गुडघे सीटला टेकतात. सेल्सच्या पोराला मी सांगितलं मला एम३४०आय चालवायचीय. चालवली. काय पळते राव, स्टिअरिंगवर हात ठेवला की कळतं, लांबी-रुंदीचं भांडण दहा मिनिटं विसरायला झालं. फक्त कर्वे रोडला एका पीएमपी बसच्या शेजारून काढताना ते १८२७ आठवले, आरसे धरून तर दोन मीटरच्या वर जाते ती.

परत आलो तर अप्पा गायब. शोधलं तर शेजारच्या लांब थ्रीमध्ये मागे बसलेले, पाय सरळ ताणून, दार लावून, डोळे मिटून. उठायला तयार नाहीत. म्हणाले तू जी पळवून आलास ती तुला, ही मला. मी म्हटलं अप्पा, एकच घ्यायचीय. तर म्हणाले मग माझ्यानंतर घे तुझी. आता मी इथे दिवाणखाना वगैरे लिहून बसलोय आणि घरातच मागची सीट निघाली. @मागची_सीट हसू नका.

घरी येऊन पझलचा प्लॅटफॉर्म टेपनं मोजला. पाटीवर १८५० आहे पण एका बाजूला कोणीतरी पाइपला संरक्षण म्हणून लोखंडी अँगल ठोकलाय, तो धरून १८३०. म्हणजे नवी गाडी दोन्ही बाजूंनी दीड दीड मिमी सोडून आत जाणार. वॉचमनला दाखवलं तर तो म्हणाला, साहेब, आत जाईल, पण तुम्ही कुठून निघणार? सोसायटीच्या मीटिंगमध्ये अँगल काढायचा विषय घेतलाय, विषयपत्रिकेवर नववा आहे, सहाव्याला लोक उठून जातात.

तोपर्यंत ई९० च ठेवतोय. पुढची सीट पार मागे सरकवून अप्पांचा प्रश्न निदान अर्धा सुटतो. @गॅरेजवाला_बाळू, पुढच्या चाकाला धरणाऱ्या आर्मचे बुश (रबरी जोड) गेलेत असं वाटतंय, ऐंशीच्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. बुशच असतील की डिस्क वाकल्यात? आणि नुसते बुश दाबून घालू की पूर्ण आर्म बदलू?

गॅरेजवाला_बाळू:

ब्रेक मारल्यावरच थरथरतं म्हणजे आधी डिस्क बघा, बुश नंतर. बुश फाटला असेल तर नुसता बुश दाबून घाला, आर्मचा बॉल जॉइंट ढिला असेल तरच पूर्ण आर्म. आणि बुश आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, लिफ्टवर लटकवून आवळला की सहा महिन्यांत परत फाटतो, हे करून घेताना समोर उभे राहा. मंगळवारी सकाळी आणा, अप्पांना पण आणा, चहा घेऊ.